रविवारचा बेत: फिरणं, सिनेमा आणि घरी येणारी कामाची माणसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या ओळखीच्या-अनोळखी लोकांकडून मला रविवारबद्दल सतत प्रश्न येतात. गडावर जायचं की सिनेमाला, आणि नेमका त्याच सकाळी नळ गळायला लागला तर काय करायचं? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते: जागा चुकीची निवडली म्हणून रविवार क्वचितच बिघडतो. वेळेचं आणि पैशांचं आधी बोलून घेतलेलं नसतं, म्हणून तो बिघडतो. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. ‘निघू या, निघू या’ म्हणता म्हणता आमच्याकडे अकरा वाजतात. वेळेवर निघायचं कसं?

निघायची वेळ ठरवू नका, पोचायची ठरवा. ‘आठला निघू’ म्हटलं की घरातला प्रत्येक जण आठ वाजता अंघोळीला जायच्या तयारीला लागतो. ‘आठला गडाच्या पायथ्याशी’ म्हटलं की उलटा हिशोब आपोआप होतो. अंघोळीचे नंबर आदल्या रात्री लावा आणि ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याला पहिला नंबर द्या.

सगळे चपला घालून उभे असताना कोणीतरी हमखास विचारतं, ‘गॅस बंद केला का?’ मग कुलूप उघडून तीन माणसं आत जातात. हे काम एकाच माणसावर सोपवा. त्याने गॅस, गीझर, नळ, गॅलरीचं दार या क्रमाने फिरायचं आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलायची. आमच्या ओळखीच्या एका घरात हे काम आजींकडे आहे आणि तिथे कुलूप दुसऱ्यांदा उघडत नाही.

२. सिंहगडावर गाडीने जावं की पायी?

सोबत लहान मूल किंवा गुडघेदुखीचं माणूस असेल तर गोळेवाडीकडून घाटरस्त्याने गाडीने. बाकी सगळ्यांनी आतकरवाडीच्या वाटेने पायी. साधारण चालणाऱ्याला एक ते दीड तास लागतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि चढ सलग आहे, त्यामुळे दर वळणावर थांबून पाणी प्यायलात तर कोणी हसणार नाही. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, म्हणजे गाडी कुठे लावायची हा घोर उरत नाही.

रविवारी गाडीने जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. वरचा वाहनतळ भरला की खाली नाक्यावर गाड्या थांबवतात. पावसाळ्यात हे जास्तच होतं आणि दरड आली की घाटच बंद राहतो. सकाळी आठच्या आत नाक्यावर असाल तर बहुधा निभावतं. दहानंतर पोचलात तर गाडीतच मुलांना तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट सांगायला घ्या, सावकाश सांगून पुरी होईल. ४ फेब्रुवारी १६७० ही लढाईची तारीख लक्षात ठेवा, कारण मुलं विचारतातच.

३. गडावर जेवण मिळतं, मग डबा न्यायचा का?

जेवणाचा डबा नको. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही हे गडावरच खावं. वाऱ्यात बसून गरम भजी खाताना ती ज्या वेगाने संपतात तो वेग घरच्या भज्यांच्या नशिबी नसतो. पण बसण्याआधी भाव विचारा, आणि दही किती जण खाणार ते हात वर करून मोजा. ‘मला नको’ म्हणणारी माणसं दुसऱ्याच्या मडक्यात चमचा घालतात, हे प्रत्येक सहलीत होतं.

पाणी मात्र घरून न्या, प्रत्येकाची वेगळी बाटली. आणि एक रिकामी पिशवी न्या, आपला कचरा खाली आणायला. गडावर टाकलेलं वेष्टन उचलायला कोणालातरी वाकावं लागतं; ते काम आपण दुसऱ्यावर ढकलू नये.

४. सिनेमाच्या तिकिटाचा दर एक दिसतो आणि पैसे जास्त कापले जातात. का?

दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहा. पहिली म्हणजे कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे मूळ २०० रुपयांचं तिकीट २३६ला पडतं. हा कर बहुतेक वेळा दाखवलेल्या दरातच धरलेला असतो.

दुसरी म्हणजे ऑनलाइन बुकिंगचं शुल्क. ते बहुधा दर तिकिटामागे लागतं आणि त्यावर पुन्हा जीएसटी. दोघांसाठी ते जाणवत नाही, पण मावशी-काका आणि त्यांची मुलं धरून नऊ तिकिटं काढली की त्यात एका माणसाचं तिकीट निघालं असतं असं वाटू लागतं. हे शुल्क बेकायदा आहे का, असं अनेक जण विचारतात. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ साली आदेश काढून ते थांबवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द केले. तेव्हा ते टाळायचं तर सिनेमागृहाच्या खिडकीवर जाऊन तिकीट काढा. जवळ राहत असाल आणि माणसं जास्त असतील तर ही चक्कर फुकट जात नाही.

आणि ज्याने सगळ्यांची तिकिटं काढली त्याचे पैसे त्याच रात्री द्या. ‘नंतर बघू’ म्हणून राहिलेले तिकिटांचे पैसे नात्यात वर्षभर खटकत राहतात.

५. घरचा चिवडा थिएटरमध्ये नेता येतो का? पाणी तरी?

चिवडा नाही. बाहेरचे पदार्थ आणू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क सिनेमागृहाच्या मालकाला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी दिला. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत ठेवलं पाहिजे असं आहे, आणि तान्ह्या बाळासाठी पुरेसं खाणं पालकांना नेता येतं. दाराशी कोणी बाळाची पेज अडवली तर आवाज न चढवता हे सांगा आणि व्यवस्थापकाला बोलवा.

पाण्याची मोफत सोय कुठे आहे हे आत शिरतानाच विचारून ठेवा. ती बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर असते आणि मध्यंतरात शोधायला वेळ मिळत नाही. मध्यंतराच्या रांगेबद्दलही तेच: हवं ते आधी सांगून ठेवा, नाहीतर उत्तरार्धाची सुरुवात घरी येऊन इतरांकडून ऐकावी लागते. जेवूनच सिनेमाला जाणं हा सगळ्यांत सोपा मार्ग, आणि आमच्या घरचा नियमही.

६. धाकटा नऊ वर्षांचा आहे आणि सिनेमावर ‘यूए १३+’ लिहिलंय. सोडतील का?

तुम्ही सोबत असाल तर सोडतात. यूए प्रमाणपत्राचे आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत, आणि ते पालकांनी ठरवावं म्हणून दिलेले आहेत. ‘ए’ची गोष्ट वेगळी: १८ पूर्ण नसेल तर आईवडिलांसोबतही प्रवेश नाही. दाराशी वयाचा दाखला मागतात, तेव्हा दहावीतल्या उंच मुलाला मोठा म्हणून दाखवण्याचा खटाटोप करू नका. अडवतात, सगळ्यांच्या देखत अडवतात, आणि मुलाचा चेहरा उतरतो.

सोडतात म्हणून न्यावं असं नाही. भीतीचे प्रसंग असतील तर मोठ्यांनी एकदा आधी पाहून घ्या. रात्री दोन वाजता आईबाबांच्या मध्ये झोपायला येणाऱ्या मुलाला प्रमाणपत्र वाचता येत नाही.

७. सिनेमाआधी राष्ट्रगीत लावणं सक्तीचं आहे का?

लावण्याची सक्ती ९ जानेवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राहिली नाही. महाराष्ट्रात मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून प्रथा आहे आणि ते लावलं की उभं राहायचं. पॉपकॉर्नचा डबा तेवढा खुर्चीवर ठेवा, मांडीवरचा उभं राहताना सांडतो.

८. सिनेमाऐवजी नाटकाला गेलो तर काय वेगळं?

बरंच, आणि माझा कल उघडपणे नाटकाकडे आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं तेव्हापासून पुण्याच्या कित्येक घरांचे रविवार तिथे गेलेत. कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. रविवारचे प्रयोग साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊला असतात. साडेबाराच्या प्रयोगाला भरपेट जेवून गेलात तर पहिल्या अंकात डुलकी लागते; मध्यंतराच्या बटाटेवड्याला पोटात जागा ठेवून जा.

सिनेमाला दहा मिनिटं उशीर झाला तर जाहिराती चुकतात. नाटकाला तिसऱ्या घंटेनंतर पोचलात तर अंधारात पंचवीस गुडघे ओलांडत जावं लागतं, आणि प्रत्येक गुडघ्यामागे एक माणूस नाटक बघत असतं. मोबाइल बंद करा. नुसता आवाज बंद करून भागत नाही. उजळलेली फोनची काच रंगमंचावरून दिसते आणि समोर जिवंत माणूस वाक्य बोलत असतो. बाळ रडायला लागलं तर लगेच बाहेर न्या. काठावरची खुर्ची आधीच मागून घेतली असेल तर हे सोपं जातं.

९. नळ गळतोय आणि प्लंबर ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणून गेला तो गेलाच. रविवारी कोण येईल?

आधी पाणी थांबवा. बेसिनच्या खाली भिंतीतून येणाऱ्या पाइपला छोटा अँगल कॉक असतो, तो उजवीकडे फिरवला की तेवढाच नळ बंद होतो. घराचा मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, मुलांनासुद्धा. एवढं केलं की नळ ही सोमवारची गोष्ट होते आणि तुम्ही फिरायला मोकळे.

प्लंबरला फोन करताना ‘नळ खराब झालाय’ एवढंच सांगू नका. फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. साध्या नळात वायसर किंवा स्पिंडल जातं, गरम-गार एकाच दांडीचा नळ असेल तर आतली कार्ट्रिज. आधी कळलं की तो सामान घेऊनच येतो. नाहीतर नळ उघडून ठेवून ‘सामान आणतो’ म्हणून जातो, आणि रविवारी दुकान बंद असतं. त्याचा अर्धा तास खोटा नसतो. आधीच्या घरी फरशीखालचा पाइप निघाला की त्याचा दिवस तिथेच जातो. म्हणून ‘कधी येता’ याऐवजी ‘माझ्या आधी किती घरं आहेत’ असं विचारा. खरं उत्तर मिळतं.

नुसतं येण्याचे पैसे किती, मजुरी किती, सामान कोणी आणायचं हे दारातच बोला. जुना भाग मागून घ्या. आणि माणूस आल्यावर आधी पाणी द्या, मग नळ दाखवा.

१०. सिलिंडर घेताना नेमकं काय बघायचं?

वजन, सील, तारीख. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर यायला हवी. काटा आणणाऱ्याकडे असतो, मागा.

तारीख वाचायची पद्धत फारच थोड्यांना माहीत आहे. वरच्या गोल कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एका पट्टीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २७’ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत त्या सिलिंडरची पुढची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटून गेलेला सिलिंडर परत करा.

सील काढल्यावर तोंडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. गळतीचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि १९०६ ला फोन करा. तो क्रमांक दिवसरात्र चालतो. दारात पोचवण्याचा खर्च किमतीत धरलेला असतो. लिफ्ट बंद असताना चार मजले चढून तीसेक किलो आणणाऱ्याला खुशीने काही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण ते तुमच्या मनाने. घरी कोणी नसेल तर प्रश्न १५ पाहा.

११. एसीवाला दरवर्षी ‘गॅस भरावा लागेल’ म्हणतो. खरंच लागतो का?

दरवर्षी लागत नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून एकच सांगा: आधी गळती दाखवा, ती बुजवा, मग भरा. थंडावा कमी वाटतो तो पुष्कळदा धुळीमुळे. पुढचं झाकण उघडून जाळ्या नळाखाली धुऊन, सावलीत सुकवून लावणं घरचं मूलसुद्धा करू शकतं.

१२. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची जाहिरात करायला आलेल्या माणसाने आमच्या नळाचं पाणी तांबडं करून दाखवलं! घ्यावं का यंत्र?

त्या प्रयोगावरून घेऊ नका. तो दोन पेल्यांत दोन-दोन धातूच्या सळया बुडवतो आणि वीज सोडतो. नळाच्या पाण्यात नैसर्गिक क्षार असतात, त्यामुळे वीज वाहते आणि लोखंडी सळईच झिजून पाण्यात उतरते. तांबडा गाळ दिसतो तो त्या सळईचा. यंत्रातल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून तिथे काही होत नाही. आजोबा घाबरतात, आजी लगेच सही करायला बसतात, आणि घाण म्हणून दाखवलेली वस्तू त्यानेच आणलेली असते.

पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचा आकडा बघा. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंत तो चालतो. धरणाच्या पाण्यात तो बहुधा बराच कमी असतो, तिथे आरओची, म्हणजे क्षार काढणाऱ्या यंत्राची, गरज नसते. जंतूंसाठी साधं गाळणं-उकळणं किंवा यूव्ही (अतिनील किरणांचं यंत्र) पुरतं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर तपासून मगच ठरवा.

१३. आम्ही आठवडाभर गावाला गेलो. त्या दिवसांचे घरकामाच्या ताईंचे पैसे कापायचे का?

नाही. सुट्टी तुम्ही घेतलीत. त्या कामाला यायला तयार होत्या. त्यांच्या घरचं भाडं त्या आठवड्यात थांबलेलं नसतं. या प्रश्नावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या कामगारांची त्यात नोंदणी होते. ताईंची झाली नसेल तर कागदपत्रं जमवायला मदत करा.

‘न सांगता दांडी मारतात’ ही तक्रार सोबत येतेच. महिन्याच्या सुट्ट्या ठरवून कॅलेंडरवर दोघींनी मिळून लिहिल्या की दांड्या पुष्कळ कमी होतात. सुट्टीच नसेल तर माणूस आजारी पडल्याशिवाय राहत नाही.

१४. मुलांना सांभाळायला ताईंना सहलीला किंवा सिनेमाला सोबत नेलं. तो दिवस त्यांची सुट्टी धरायची ना?

नाही धरायची. मूल कडेवर असेपर्यंत ते काम आहे, मग समोर सिनेमाचा पडदा असो की सिंहगडाचा कल्याण दरवाजा. रविवार असेल तर जादा पैसे आणि बदली सुट्टी आधी ठरवा. त्यांचं तिकीट, जेवण, जायचा-यायचा खर्च तुमचा. आणि त्यांना तुमच्याच टेबलावर बसवा. त्या उभ्या आणि बाकी सगळे जेवतायत, हे मुलं बघत असतात.

अपवाद एकच. त्यांना, त्यांच्या मुलांसकट, पाहुण्या म्हणून बोलावलं आणि तुमची मुलं तुम्हीच सांभाळलीत, तर तो सगळ्यांचाच फिरायचा दिवस. तरी त्या दिवसाचा पगार कापायचा नाही (प्रश्न १३).

१५. आम्ही सिनेमात असताना सिलिंडर आला, शेजारच्या काकूंनी पैसे भरून घेतला. पण कोड आमच्या फोनवर होता! आता पुढच्या वेळी काय करू?

बहुतेक वितरकांकडे रविवारी सुट्टी असते, त्यामुळे हा घोळ शनिवारच्या सिनेमाला जास्त होतो. पोच देताना लागणारा कोड नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. बुकिंग केल्यावर बाहेर जायचं असेल तर काकूंना आधी विचारा आणि कोडचा मेसेज आला की तो त्यांना पाठवा. गाडी दारात आल्याशिवाय आणि सिलिंडर डोळ्यांसमोर उतरल्याशिवाय त्यांनी कोड सांगायचा नाही, हेही सांगून ठेवा. फोनवरून ‘कोड द्या, सिलिंडर नंतर देतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

रिकामा सिलिंडर काकूंच्या दाराशी ठेवून जा. तो कुलपाच्या आत राहिला तर अदलाबदल होत नाही आणि माणूस परत जातो. पैसे मोजून पाकिटात द्या किंवा आधीच ऑनलाइन भरा. भरलेला सिलिंडर रात्रभर त्यांच्या जिन्यात पडू देऊ नका. वजन, सील आणि तारीख काकूंनी बघावी अशी अपेक्षा असेल तर प्रश्न १० मधली पट्टी त्यांना एकदा दाखवून ठेवा.